आजी एसटीने, सायकल एसीने

सातपुड्यावर पहिला पाऊस पडून गेला की रविवारी पहाटे नंदुरबारहून शहाद्याच्या दिशेने एक विशिष्ट गाडी निघते. गाडी पांढरी, डिकीवाली. स्टिअरिंगवर अंगाला चिकटलेली जर्सी घातलेले गृहस्थ. हेल्मेट गाडीतच चढवलेले. आणि मागच्या सीटवर, पांढराशुभ्र टर्किश टॉवेल अंथरून, त्यावर आडवी निजवलेली सायकल. पुढचे चाक काढून तिच्या पायाशी ठेवलेले, काचा वर, एसी सुरू.

गृहस्थ तोरणमाळला सायकल चालवायला चाललेले असतात.

डिकी असताना सायकल सीटवर का, हा प्रश्न फक्त भोळी माणसे विचारतात. २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान गाडीची लांबी चार मीटर ठरवली आणि त्या मापात बसणाऱ्या गाडीचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. तेव्हापासून आपल्याकडे गाड्यांचे बूड कर पाहून कापले जाते. एवढे करून जी डिकी उरते, तिच्यात सीएनजीची टाकी बसते. टाकीनंतर जी जागा उरते, तिच्यात दोन नारळ आणि एक छत्री मावते. सायकल मावत नाही.

म्हणून टॉवेल. हा टॉवेल साधा समजू नये. साहेबाच्या खुर्चीवर असतो त्याच जातीचा, त्याच पांढऱ्याचा. घरातल्या कुणालाही त्याला हात पुसण्याची मुभा नाही. चेन आणि गिअरची बाजू वर ठेवून सायकल निजवायची असते, हे गृहस्थांना ठाऊक आहे आणि ते तसेच करतात. तरीही दर रविवारी टॉवेलवर ग्रीसचा नवा पट्टा उमटतो आणि दर सोमवारी तो घरात कुणीतरी घासून काढते. ते कुणीतरी म्हणजे गृहस्थ नव्हेत. टॉवेलवर सायकल आली की तिला पट्टा लागतो. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा असतो, हा नियम या घरातल्या एकाही माणसाने आजवर पाळलेला नाही. सायकलला मात्र दोन पट्टे, एक चौकटीवरून, एक मागच्या चाकातून. घरच्या आजींना प्रकाशाला केदारेश्वराच्या दर्शनाला जायचे असते. तापीवरचे प्रकाशा याच वाटेवर आहे, गाडी तिथूनच जाते. पण मागे सायकल निजलेली, पुढे तिचे पेडल, पंप आणि केळी. आजींनी पंच्याहत्तरी ओलांडलेली असल्यामुळे त्यांना एसटी फुकट आहे, याची आठवण गृहस्थ त्यांना प्रेमाने करून देतात. त्यामुळे आजी एसटीने आणि सायकल एसीने, अशा दोन स्वाऱ्या एकाच रस्त्याने निघतात.

पूर्वी हे उलट होते. एसटीच्या मागे शिडी असे, वर टप असे. कंडक्टर लगेजचे तिकीट फाडी, सायकल टपावर चढे आणि माणूस आत बसे. ग्रीस वरच्या वर राही. रेल्वेतही सायकल पावती फाडून ब्रेकव्हॅनमध्ये जाई. वाहन कुठे आणि माणूस कुठे, याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नव्हता.

सायकल गाडीत घालणे हेही सोपे काम नाही. ती पावणेदोन मीटर लांब, गाडीची आतली रुंदी त्याहून कितीतरी कमी. मग सीट खाली करा, हँडल वळवा, पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. गृहस्थ ते दर रविवारी सुलट्या दिशेने पिळतात, म्हणजे काढण्याऐवजी आवळतात, आणि सायकल कंपन्यांच्या दर्जाबद्दल बोलतात. चाक काढलेल्या सायकलचा ब्रेक दाबू नये, असा आणखी एक नियम आहे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असला तर मधे डिस्क नसल्यामुळे पॅड एकमेकांना भिडतात आणि मग त्यांच्यात चाक परत शिरत नाही. गाडी भरायला मदतीला आलेला पुतण्या नेमका ब्रेक दाबतो. त्याला ब्रेक पाहिला की दाबावासा वाटतो, यात त्याचा दोष नाही.

शहाद्यात पंक्चरवाला काचेतून आत डोकावतो. आडवी सायकल, खाली पांढरा टॉवेल, वरून पट्टे. तो मनापासून विचारतो, "काय व्हयनं भाऊ सायकलले? दवाखानामा लई चालनात का?"

पुढे म्हसावद, राणीपूर, मग घाट. नंदुरबार शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांच्या आसपास, तोरणमाळ साडेअकराशेच्या घरात. म्हणजे नऊशे मीटरांहून जास्त चढ, सात पायरीची वळणे, पावसाळ्यात धुके आणि धबधबे. सायकलस्वाराने ज्यासाठी जन्म घ्यावा, असा हा रस्ता. तो संपूर्ण रस्ता सायकल सीटवर झोपून पार करते. वर पठार लागते, यशवंत तलाव लागतो, आणि जिथे चढ संपला तिथे गृहस्थ सायकल जोडायला घेतात. चाक बसत नाही, कारण पुतण्याने ब्रेक दाबलेला असतो. स्क्रूड्रायव्हरने पॅड फाकवण्यात वेळ जातो. मग तलावाभोवती फेरी, तलावासमोर फोटो, मक्याचे कणीस. मनगटावरचे ॲप मात्र नंदुरबारहूनच सुरू राहिलेले. त्यावर घाट चढतानाचा वेग ताशी चाळीस आणि हृदयाचे ठोके बहात्तर अशी नोंद होते. मित्रमंडळ अंगठे उंचावते.

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला लाखालाखांचे घोडे येतात. तेही लांबून ट्रक-पिकअपमध्येच येतात, नाही असे नाही. पण तिथे उतरल्यावर मालक घोड्यावर बसतो, रेवाल चाल दाखवतो. घोड्याशेजारी उभे राहून फोटो काढला आणि घोडा पुन्हा पिकअपमध्ये घातला, तर बाजारात त्याचे हसे होईल.

इथवर हसून घ्यायला हरकत नाही. पण पंक्चरवाल्याचा प्रश्न हसून सोडून देता येत नाही, कारण या जिल्ह्यात दवाखान्यात आडवे होऊन जाणे म्हणजे काय ते त्याला माहीत आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांपर्यंत रस्ता गेलेला नाही, तिथून बाळंतीण बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चार जण खांद्यावरून खाली आणतात. दर पावसाळ्यात ही बातमी येते, दर पावसाळ्यात संताप होतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच बातमी गाव बदलून छापली जाते. जिथे रस्ता आहे, तिथे काळीपिवळी आहे. आत माणसे, मागे लोंबकळणारी माणसे आणि टपावर बसलेली माणसे. याच घाटांत, याच पावसात. एक सायकल मागच्या सीटवर पट्टे लावून झोपते आणि माणसे टपावर, हे ज्या जिल्ह्यात एकाच रविवारी घडते, तिथे कुणी सायकलमुळे पर्यावरण कसे वाचते यावर भाषण देऊ लागला तर त्याच्या पेडलचे आटे सुलट्या दिशेने आवळून ठेवावेत.

सायकलची ज्यांना खरी गरज आहे, त्यांच्यासाठी सरकारी योजनाही आहे. मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पाच हजार रुपये. शाळेपर्यंत पाच किलोमीटर, रोज, दप्तरासकट, चढ असो की चिखल. या मुलींनी आपली सायकल कधी कशात घालून नेल्याचे ऐकिवात नाही. गृहस्थांच्या बुटांची किंमत विचारली तर ते विषय बदलतात.

सप्टेंबर २०२५ पासून सायकलवर ५ टक्के जीएसटी आहे, लहान गाडीवर १८. गृहस्थांना हा सायकलप्रेमींवर झालेला अन्याय वाटतो, कारण त्यांच्या मते गाडी हा सायकलचाच सुटा भाग आहे.

आता गृहस्थ आणि त्यांचे मित्रमंडळ निवेदन देणार आहे. नंदुरबारला स्वतंत्र सायकल ट्रॅक हवा. मसुदा चांगला आहे. प्रदूषण, आरोग्य, भावी पिढी, सगळे आले आहे. फक्त ट्रॅकची जागा अजून ठरत नाही. शहरातल्या दोन-तीन जागा पाहून झाल्या आणि बाद झाल्या, कारण तिथे पन्नास चारचाकींना पुरेल एवढे पार्किंग निघत नाही.