मोजलं का?

न्यू जर्सीत एडिसन काय, प्लेन्सबरो काय, मराठी वस्ती आली की हे काका असायचेच. शर्टाच्या खिशात पेन असावं तसं त्यांच्या खिशात स्टॉपवॉच. फोनमध्ये असतं की, असं चुकून म्हणालात तर उत्तर तयार: "काचेवर बोट घसरतं हो. बटण ते बटण."

लेक शाळेच्या टीममध्ये सॉकर खेळते आणि काका तिची चपळाई मोजतात. शनिवारी सकाळी गाडीच्या डिकीतून नारिंगी शंकू, मोजपट्टी आणि वही बाहेर पडते. इलिनॉय टेस्टची आखणी १० मीटर बाय ५ मीटर, मधले चार शंकू ३.३ मीटरवर, सुरुवात पालथं पडून. दवानं भिजलेल्या गवतावर पालथी पडताना लेकीच्या तोंडावर जे भाव असतात, त्यांचा रकाना वहीत नाही. बाकी सगळ्यांचे आहेत: कुठले बूट, गवत की डांबर, वारा कुठून, रात्री झोप किती. "मैदान बदललं, बूट बदलले, मग मागच्या आकड्याशी तुलना कसली करता?" हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर असतं, आणि वैताग येतो तो त्यामुळेच. दोन प्रयत्नांच्या मध्ये पुरती विश्रांती, त्यातला चांगला धरायचा, घड्याळ दर वेळी एकाच माणसानं दाबायचं. तो माणूस कोण, हे काय सांगायचं! पण गडी प्रामाणिक. हातानं घड्याळ लावलं की सुरुवातीला अंगठा मागे राहतो आणि वेळ खरी असते त्याहून कमी दिसते, हे तेच सांगतात. लेकीची वेळ एक दशांश सेकंदानं सुधारली तर "ही माझ्या अंगठ्याची" म्हणून खूश व्हायचं पुढच्या शनिवारवर ढकलतात.

बर्फ पडला तरी सुटका नाही. गराजमध्ये मास्किंग टेपचा षटकोन, २४ इंचांची एकेक बाजू, आत-बाहेर उड्या मारत तीन फेऱ्या.

पाहुणेही सुटत नाहीत. "चहा होतोय तोवर एक शटल मारा की. पाच यार्ड इकडे, दहा तिकडे, पाच परत. एनएफएलवाले इंडियानापोलिसला पोरांना हेच पळवतात." पुण्याहून आलेले मेहुणे पळाले बिचारे. त्यांच्या आकड्यापुढे शेरा आहे: "चपला".

काकू शाळेत खो-खो खेळलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला शंकू पाठ झालेत. शंकू कधी हुलकावणी देतो का?" वर्मी लागलं. क्रीडाशास्त्रवालेही हेच सांगतात: ठरलेल्या वाटेवर झपाझप वळणं ही अर्धीच चपळाई, समोरचा ऐनवेळी काय करतो ते पाहून वळता आलं पाहिजे. दोन दिवस घरात घड्याळाचं नाव निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी नवी टेस्ट. काका समोर उभे राहणार, लेक धावत जवळ आली की शेवटच्या क्षणी डावा किंवा उजवा हात दाखवणार, ती तिकडे वळणार. दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा नाइलाजानं स्टॉपवॉच काकूंकडे. लेक आली, हात झाला, गर्रकन वळून पार गेली.

"किती?"

"साधारण तीन."

"साधारण म्हणजे?"

"म्हणजे छान पळाली. चला, पोहे गार होतायत."