ज्वालामुखीच्या किनाऱ्यावर कसं जावं? (छत्रपती संभाजीनगरच्या नवशिक्यांसाठी)

पहिली सूचना: ज्वालामुखी शोधायला निघू नका. तो येऊन गेलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा थरावर थर ओतला गेला आणि बहुतेक मराठवाडा, घाट नि कोकणाचा मोठा भाग त्याखाली गेला. वेरूळचं कैलास लेणं त्याच थिजलेल्या लाव्ह्यात कोरलंय. देवगिरीचा तासलेला कडा त्याचाच. लेण्यांबाहेर 'साहेब, क्रिस्टल घ्या' म्हणत गाडीमागे येणाऱ्यांच्या हातातले स्फटिकसुद्धा लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या पोकळ्यांमध्येच वाढलेले. म्हणजे मोबाइलवर हवाई बेटांचे फोटो पाहून उसासे टाकणारा सिडकोतला माणूस ज्वालामुखीच्या दगडावरच फ्लॅट घेऊन बसलाय आणि वर हप्तेही फेडतोय. कमी आहे ती फक्त समुद्राची.

इथे घरातलं कुणीतरी लोणारचं नाव काढणारच. त्यांना नम्रपणे सांगा की लोणार ज्वालामुखीचं तोंड नव्हे, बेसॉल्टवर उल्का आदळून पडलेला खड्डा आहे आणि त्यातलं पाणी खारं नि क्षारयुक्त आहे. तरीही ते ऐकणार नाहीत. विषय बदला.

आता तयारी. डोंगर चढण्याचा सराव विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर होतो. तिथे पहाटे निम्मं शहर भेटतं, त्यामुळे दर दहा पावलांना थांबायला सबबही मिळते. मग एकदा देवगिरी. खंदक ओलांडून अंधारीत शिरा, वटवाघळांचा वास सोसा आणि वर बारादरीपर्यंत जा. हे जमलं तर किनाऱ्यावरची कुठलीही टेकडी तुम्हाला उतारच वाटेल.

पाण्याचा सराव मात्र अवघड. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण त्याचं पाणी शहराच्या नळाला रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंप, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचा असतो. अशा पिंपात तोंड बुडवून नळीने श्वास घ्यायचा सराव करू नका. सांगणारी माणसं आहेत म्हणून सांगतो, घरात त्याला माफी नाही. सरळ एखाद्या पोहण्याच्या तलावावर महिना लावा.

स्नॉर्कलिंगचं तंत्र सोपं आहे: तोंडाने श्वास घ्यायचा, नाक विसरायचं. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकर मारायची. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून बोटाने चोळायचं आणि विसळायचं. मुलांना हा भाग लगेच जमतो. खरी अडचण मिशीची आहे. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर घट्ट बसावी लागते. मिशी भरदार असली की केसांमधून पाणी हळूहळू आत येतं, आधी नाकपुडीपर्यंत, मग डोळ्यांपर्यंत. व्हॅसलिन लावून थोडं भागतं. मराठवाड्यात मिशी काढणं हा भावकीत चर्चेचा विषय होतो, तेव्हा हा निर्णय शहरातच घ्या, होडीत बसून नको.

मार्ग: पुणे, ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. पुणे ओलांडायला लागणारा वेळ वेगळा धरावा, तो प्रवासात मोजत नाहीत. ताम्हिणीत गाडी थांबवून कड्याकडे पाहा. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. बायकोला दाखवाल तेव्हा ती म्हणेल, असेच तर अजिंठ्यालाही आहेत. ती बरोबर आहे.

हरिहरेश्वरला देवळामागून प्रदक्षिणेचा मार्ग निघतो. दोन खडकांच्या फटीतून पायऱ्या उतरल्या की समोर लाटांनी कापून सपाट केलेला काळा कातळ पसरलेला असतो. भिंतीला मधाच्या पोळ्यासारखी भोकं, खाचांत साचलेलं पाणी, त्यात बोटभर मासे. सावली पडली की तिरके पळणारे खेकडे. कैलास लेण्याला कारागिरांच्या पिढ्या लागल्या; इथे छिन्नीचं काम मीठ आणि लाटा फुकटात करतात, अजूनही.

पण ही वाट ओहोटीचीच. भरतीला इथे माणसं वाहून गेलेली आहेत, तशी सूचनाही लावलेली आहे, आणि शेवाळावर नवी चप्पल सगळ्यात आधी फसवते. वेळ काढायचा कोकणी हिशेब पाठ करा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. संकष्टी चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. त्यातून सहा तास वजा केले की सकाळी नऊला ओहोटी. पौर्णिमेला नि अमावास्येला भरती बारा वाजायच्या आसपास आणि तीही उधाणाची. हिशेब झाला तरी गावातल्या माणसाला विचारा. तो तिथी न पाहता सांगतो.

बेट हवंच असेल तर मुरुड-जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं. इथे संभाजीनगरकराला वेगळा मान आहे. आपलं शहर वसवणारा मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे सिद्दीही हबशी. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किल्ल्यापर्यंत पोहोचायला समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला आणि मोगल फौज कल्याणकडे सरकल्यामुळे त्यांना परतावं लागलं. फौज औरंगजेबाची. शहराचं जुनं नाव आणि नवं नाव त्या खाडीत असं समोरासमोर आलेलं आहे. होडीत मात्र यावर वाद काढू नका, होडी लहान असते. किल्ल्यात समुद्राने वेढलेले गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. ते पाहून आपल्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघतो: 'आणि हे रोज असतं?'

रायगडच्या किनाऱ्यावर पाणी खाड्यांच्या गाळाने गढूळ, त्यामुळे नळी-मास्क घालून स्वतःचा हातच दिसेल. मासे पाहायला खाली मालवण-तारकर्लीला जावं लागतं. सिंधुदुर्गाजवळ प्रवाळ आहे, तिथल्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ची. लाइफ जॅकेट घालून, गाइडने धरलेल्या रिंगला लोंबकळत तोंड पाण्यात घालायचं. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, माशांना ब्रेड टाकायचा नाही. कोकणाच्या त्या टोकाला आपला बेसॉल्ट संपत येतो. शुद्ध ज्वालामुखीचा हट्ट असेल तर तो तिथे सोडावा, कारण दगड आणि मासे एकाच ठिकाणी मागणं आपल्या किनाऱ्याला परवडत नाही. जिवंत ज्वालामुखी भारतात एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि त्यावर उतरू देत नाहीत.

आराम करणे: यावर लिहिण्यासारखं फार नाही. वाळूत बसल्यावर अर्ध्या तासात कुणीतरी 'आता पुढे काय बघायचं?' विचारतं. डब्यातल्या दशम्या आणि ठेचा काढा, तेवढ्यात सूर्य बुडतो.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या आणि मालवणचं स्नॉर्कलिंग, दोन्ही बंद असतं. दिवाळीनंतर जा, पण डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. त्या आठवड्यात पाण्यात मासे कमी आणि किनाऱ्यावर एमएच-२० जास्त दिसतात.