गाडी निघाली आहे

खालापूर फाट्यावर सकाळी आठच्या सुमाराला चहाला थांबलात, तर तो तुम्हाला दिसणारच. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, पाठीवर लॅपटॉपची सॅक, सॅकवर बारा महिने पावसाळी कव्हर आणि दोन हातांत दोन मोबाइल. एक कानाला लावलेला. दुसरा पोटाशी दाबून धरलेला, म्हणजे पहिल्यावरचं बोलणं दुसऱ्यावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये. पहिला फोन कंपनीचा. त्यावर ‘गाडी कुठंय?’ असं याला विचारणारी माणसं असतात. दुसरा स्वतःचा. त्यावर ‘गाडी कुठंय?’ असं हा ज्यांना विचारतो ती माणसं असतात. या दोन प्रकारच्या माणसांची आपसांत कधी गाठ पडू नये, एवढ्यासाठी त्याला पगार मिळतो. हुद्दा: एक्झिक्युटिव्ह, ऑपरेशन्स.

गडी बहुधा कर्जत तालुक्यातला. शिक्षण बी.कॉम. किंवा बीएमएस. थोरला भाऊ रोज पहाटेची लोकल पकडून ठाण्याला किंवा मुंबईला जातो. त्याचे हाल बघून धाकट्याने ठरवलं, आपण उलट्या दिशेला जायचं. त्या दिशेला काम आहेच. खालापूर तालुक्यात पाताळगंगेची एमआयडीसी आहे, रसायनी आहे, खोपोलीला पोलादाचे कारखाने आहेत. शिवाय एक्स्प्रेस-वे झाल्यापासून जिथे जिथे भात पिकायचा, तिथे तिथे पत्र्याची गोदामं उगवली आहेत. कधीकधी तर तीन नंबरच्या डॉकखाली त्याच्याच चुलत्याचं खाचर गाडलेलं असतं. डॉकवर पावसाचं पाणी का तुंबतं, हे शोधायला कंपनी पुण्याहून सल्लागार बोलावते. याला ते तिसरीत असल्यापासून माहीत आहे. पण तिथल्या चिंबोऱ्यांचा अनुभव बायोडेटात कुठल्या मथळ्याखाली लिहायचा, ते त्याला कोणी सांगितलेलं नाही.

मुलाखतीत खरा प्रश्न एकच असतो. ‘एक्सेलमधलं व्हीलुकअप येतं का?’ ‘येतं.’ रायगड जिल्ह्यात या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. होकार देऊन झाल्यावर गडी मिनिडोरमध्ये चौथ्या सीटवर तिरका बसून, कर्जत ते खोपोली, यूट्यूबवर व्हीलुकअप शिकतो.

जे त्याला खरोखर येत होतं, ते मात्र कोणी विचारलंच नाही. सहा महिन्यांपूर्वी चुलतभावाची हळद त्याने एकट्याने उठवली होती. आमच्याकडे लग्न एकवेळ शांतपणे होईल, हळद होत नाही. पाचशे माणसांचा अंदाज असतो, हजार येतात; बर्फाच्या लाद्या नेरळहून, मांडव कर्जतचा, जनरेटर चौकचा, डीजे कुठून येणार हे डीजेलाही माहीत नसतं. त्यात ऐन वेळी मामा रुसून रिक्षात जाऊन बसतो. मामाची समजूत काढून, त्याच रिक्षातून डिझेल मागवून, मामालाच पहिल्या पंगतीला बसवणाऱ्या मुलाला वास्तविक त्याच रात्री मॅनेजर करायला हवं. पण रुसलेल्या मामासाठी कुठल्याही सिस्टिममध्ये कोड नाही, त्यामुळे ही विद्या ‘फ्रेशर’ या सदरात जमा झाली.

पहिल्या महिन्यात तो खरं बोलायचा. व्हॉट्सॲपच्या ग्रूपवर कुणीतरी विचारलं, ‘गाडी कुठंय?’ याने लिहिलं, ‘माहीत नाही सर. ड्रायव्हर फोन उचलत नाही.’ ग्रूपवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग मॅनेजरचा फोन आला. ‘अरे, असं लिहितात का? क्लायंट आहे ग्रूपवर!’ ‘मग काय लिहू सर?’ ‘ट्रॅक करतोय, असं लिही.’

इथून त्याच्या खऱ्या शिक्षणाला सुरुवात झाली. वर्षभरात तो असा तयार होतो, की त्याच्या प्रत्येक मेसेजमागची परिस्थिती जाणकाराला बरोबर वाचता यावी. ‘गाडी लावतोय’ म्हणजे ट्रान्सपोर्टरला अजून फोन करायचा आहे. ‘गाडी लागली’ म्हणजे ट्रान्सपोर्टर ‘बघतो’ म्हणाला. ‘लोडिंग चालू’ म्हणजे गाडी फाटकात आहे आणि हमाल जेवायला गेलेत. ‘गाडी भरली’ म्हणजे निम्मी भरली आणि उरलेल्या निम्म्यातली अकरा खोकी सापडत नाहीत. ‘गाडी निघाली’ म्हणजे ड्रायव्हर आंघोळ करतोय. गाडी खरंच निघते, तेव्हा तो काहीच लिहीत नाही, कारण ती निघाल्याचं चार तासांपूर्वीच लिहून झालेलं असतं. आणि ‘गाडी घाटात आहे’ हे वाक्य तर हुकमाचं पान. बोरघाटात गाडी आहे म्हटल्यावर देशात कोणीही पुढचा प्रश्न विचारत नाही. गाडी तिथे नसली तरी लोकांना ते पटतं.

खोटं बोलतो म्हणावं तर तेही नाही. त्याला जे सांगितलं जातं, तेच तो जरा इस्त्री करून पुढे देतो. पलीकडे ड्रायव्हर असतो, आणि तो या शास्त्रातला आचार्य. ‘साहब, टनल में हूँ, आवाज कट रही है.’ माडपचा बोगदा साठच्या वेगाने मिनिटभरात संपतो. पण ड्रायव्हर त्यात पाऊण तास असतो, आणि मागून कुणीतरी ‘दो कटिंग’ म्हणून ओरडत असतं. आपला गडी ते ऐकतो, आणि ग्रूपवर लिहितो: ‘माडप क्रॉस करतोय.’

अधिकाराचं म्हणाल, तर उतरंडीत तो नेमका कुठे आहे हे सांगणं कठीण. हमालांचा मुकादम त्याला सगळ्यांदेखत ‘साहेब’ म्हणतो. पण मुकादम गड्याच्याच गावचा, आणि गड्याला पोहायला त्यानेच शिकवलेलं. त्यामुळे हुकूम असा निघतो: ‘काका, जरा बघता का, तेवढी गाडी…’ काका म्हणतात, ‘बघू की. तुझ्या बापाला सांग, बांधावरचा आंबा तोडायचा नाही.’ गाडी वेळेत भरायची तर आधी आंब्याचा निकाल लागावा लागतो. तो लावून, वर वाराई, म्हणजे भराईची हमाली, किती द्यायची यावर ड्रायव्हरचं आणि टोळीचं मिटवून, गडी केबिनमध्ये येतो, तर एचआरचा मेल: ‘तुमचं स्टेकहोल्डर मॅनेजमेंटचं ऑनलाइन प्रशिक्षण अपूर्ण आहे.’

सगळ्यात जास्त तो घाबरतो ई-वे बिलाला. २०१८पासून मालाच्या गाडीबरोबर हा कागद लागतो, आणि त्याची मुदत अंतरावर ठरते: साध्या गाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस. खालापूरहून पुणं शंभर किलोमीटरच्या आत. म्हणजे एक दिवस मिळतो, तो दुसऱ्या मध्यरात्री संपतो. दिल्लीत ज्याने हा हिशेब मांडला, त्याने जोडून सुट्ट्या आलेल्या आठवड्याचा बोरघाट पाहिलेला नसावा. शुक्रवारी संध्याकाळी अर्धी मुंबई आपापल्या फार्महाउसकडे आणि उरलेली लोणावळ्याकडे निघते, अवजड गाड्या कडेला थांबवतात, आणि मुदत मात्र थांबत नाही. ती वाढवून घेता येते, पण संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत. म्हणून हा मुलगा मित्राच्या वाढदिवसाला केक कापताना, सिनेमात मध्यांतराला, एकदा तर बघायला गेलेल्या मुलीच्या घरी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन, मोबाइलवर मुदत वाढवत बसलेला असतो. मुलीकडच्यांना वाटलं, मुलगा फार बिझी. लग्न ठरलं. तसंही खालापूर तालुक्यात ‘कंपनीत आहे’ एवढं पुरतं. कंपनीत काय करतो हे सासऱ्याने विचारायची पद्धत नाही.

त्याला स्वतःला वाटतं, हे सगळं नवीन आहे. मला तसं वाटत नाही. रेल्वे खोपोलीला आली १८५६मध्ये. घाटाच्या वर खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला १८५८मध्ये. आणि मधला घाटातला रूळ पुरा झाला १८६३मध्ये. म्हणजे पाच वर्षं असं चाललं होतं, की माणसांनी सामानासकट खोपोलीला गाडीतून उतरायचं, पालखी, तट्टू, बैलगाडी जे मिळेल त्याने घाट चढायचा, आणि वर खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचं. आजच्या भाषेत खोपोली हे ट्रान्सशिपमेंट हब होतं. आता विचार करा. खाली गाडीतून उतरलेला साहेब घामाघूम होऊन विचारतोय, पालखी कुठंय? तट्टूवाला जेवायला गेलाय. भोई म्हणतायत, ओझं जास्त आहे, दर वाढवा. वर खंडाळ्याची गाडी सुटायची वेळ झालीय. अशा जागी कुणीतरी एक कर्जतचा नाहीतर खोपोलीचा पोरगा उभा असणारच, आणि तो अदबीने सांगत असणारच, ‘साहेब, पालखी निघालीय.’

रूळ झाल्यावरही घाटाने माणसाची पाठ सोडली नाही. घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती गाडी लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात, तिथे सुटतात, आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात. ऑपरेशन्सचा मुलगा म्हणजे हा बँकर. प्रवाशांना पुढचं इंजिन दिसतं, म्हणजे सेल्सवाला. बँकर जोडेपर्यंत गाडी कर्जतला थांबते, तेवढ्यात लोक बटाटेवडा खातात. वड्याचं नाव लांबवर झालं. बँकरचं नाव निघतं ते तो जोडायला उशीर झाला तर.

त्याहून जुनं उदाहरण शिंगरोबाचं. लोक सांगतात, इंग्रजांना बोरघाटातून वाट सापडेना, ती या शिंगरोबा धनगराने दाखवली. काम फत्ते झाल्यावर बक्षीस विचारलं, याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ऑपरेशन्समध्ये वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी काय मागावं आणि काय मागू नये, याचं मार्गदर्शन या कथेइतकं कुठल्याही पुस्तकात नाही. जुन्या रस्त्यावर घाटात त्याचं देऊळ आहे. ड्रायव्हर तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि गडी ते ट्रिपच्या खर्चात धरतो. मुंबईच्या अकाउंट्सने एकदा व्हाउचर परत पाठवलं: ‘शिंगरोबा, रु. ५. बिल जोडलेलं नाही. व्हेंडर रजिस्टर्ड आहे का?’

घरी त्याच्या ज्ञानाला फारसा भाव नाही. नव्याचा जोर होता तेव्हा त्याने आजीला फिफो समजावलं होतं: गोदामात जो माल आधी आला, तो आधी बाहेर काढायचा. आजी कर्जत-३चा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘मग आम्ही काय करतो? यंदाचा तांदूळ मागं टाकायचा, जुना आधी शिजवायचा. नवा शिजवलास तर गिच्च गोळा होतो.’ थोड्या वेळाने विचारलं, ‘एवढ्यासाठी पगार देतात?’ गडी म्हणाला, ‘तसं नाही, माझ्या मालाला लेबल लावलेलं असतं.’ आजीने सूप झटकलं.

दोन वर्षं टिकला, की त्याला कागदी कामं मिळायला लागतात. त्यातलं मानाचं काम म्हणजे ‘फाइव्ह व्हाय’. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी रूढ केलेली ही पद्धत: चूक झाली की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. गेल्या पावसाळ्यात पुण्याची एक गाडी चांगलीच उशिरा पोचली. मुख्य कार्यालयाने फॉर्म पाठवला. गड्याने मनापासून भरला.

गाडी उशिरा का पोचली? घाटात अडकली. घाटात का अडकली? पुढे कंटेनर बंद पडला. कंटेनर का बंद पडला? चढावर इंजिन तापलं. चढ का आहे? मध्ये सह्याद्री आहे. सह्याद्री का आहे?

इथे तो थोडा थांबला. पण शाळेत भूगोलाचे सर चांगले होते. त्याने लिहिलं: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखीचे उद्रेक होऊन लाव्हाचे थरावर थर साचले.

पुढचा रकाना होता, ‘पुन्हा घडू नये म्हणून उपाय’. तिथे त्याने लिहिलं, ‘संबंधितांना सूचना देण्यात येतील.’ ‘जबाबदार विभाग’ या रकान्यात निवडायला एकच पर्याय होता, ऑपरेशन्स, तो निवडला. ‘पूर्ततेची तारीख’ रिकामी सोडली तर फॉर्म पुढे जाईना, म्हणून येता शुक्रवार टाकला.

सोमवारी उत्तर आलं: ‘मूळ कारण ठीक. पुरावा जोडावा.’ गडी गोदामाच्या फाटकाबाहेर आला. पाऊस जरा उघडला होता. ढग सरकून घाटमाथ्यावरचं नागफणीचं टोक दिसेपर्यंत तो छत्रीखाली उभा राहिला, मोबाइलवर फोटो काढला, फॉर्मला जोडला आणि पाठवून दिला. संध्याकाळी शेरा आला: ‘ओके. क्लोज्ड.’