ग्रंथालयमान्य प्रॉक्सी

प्रॉक्सी म्हणजे काय, हे कॉलेजात गेलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तेवीस नंबरचा गडी टपरीवर चहा पीत असतो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी आवाज बदलून 'यस सर' म्हणतं. सापडले, तर दोघांनाही प्राचार्यांपुढे उभं करतात. त्याच कॉलेजचं ग्रंथालय मात्र हाच उद्योग रात्रंदिवस करतं आणि वर त्याची माहिती नोटीस बोर्डावर लावतं. संशोधक घरी बनियनवर बसलेला असतो आणि ग्रंथालयाचा प्रॉक्सी सर्व्हर संशोधन-नियतकालिकांच्या प्रकाशकाला सांगतो, 'हजर आहेत, आवारातच आहेत.' प्रकाशकाला सगळं ठाऊक असतं, तरी तो फाटक उघडतो. आता याला लबाडी म्हणायचं असेल तर म्हणावं, पण ती प्रॉक्सीच्या माथी मारू नये. मुळात फाटकावर विचारला जाणारा प्रश्नच वेडगळ आहे.

तिथे 'तुम्ही कोण?' असं विचारत नाहीत, 'कुठून बोलताय?' असं विचारतात. संस्था आपल्या आवारातल्या आयपी पत्त्यांची यादी प्रकाशकाला देते. त्या पत्त्यावरून आलेला तो आपला, बाकी सारे उपरे. त्यामुळे वसतिगृहात पाहुणा आलेला मेव्हणा वाय-फाय जोडून पुंजभौतिकी वाचू शकतो आणि पीएचडीच्या चौथ्या वर्षातली मुलगी दिवाळीला गावी गेली, की तिच्यापुढे एका लेखाचं तीस-चाळीस डॉलरचं बिल येतं. यावर उपाय म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या एका कम्युनिटी कॉलेजचे ग्रंथपाल क्रिस झगार यांनी 'ईझीप्रॉक्सी' ही संगणक प्रणाली लिहिली. तिची करामत ॲड्रेस बारमध्ये बघावी. 'जेस्टोर' या लेखसंग्रहाच्या पत्त्यातले टिंब जाऊन हायफन येतात आणि पुढे ग्रंथालयाचं नाव लागतं. माहेरचं आडनाव ठेवून पुढे सासरचं जोडावं, तसं. तेवढ्यावर मुलगी घरची ठरते.

कुणी म्हणेल, फाटकच नसेल तर प्रकाशकाने खायचं काय? रास्त आहे. पण लेख प्राध्यापक लिहितात, तपासतातही प्राध्यापकच, बहुधा दोन्ही फुकट. पगार बऱ्याचदा करदाता देतो. घरचं दूध डेअरीला फुकट घालायचं आणि चहासाठी त्याच डेअरीची पिशवी विकत आणायची, असा हा हिशेब आहे. पिशवीचे पैसे घ्या, पण निदान आपल्या स्वयंपाकघरात बसून चहा पिऊ द्या. दुसरा आक्षेप असा, की आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ही योजना खरंच मोठी आहे : तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी संस्थांसाठी. म्हणजे फाटक रुंद झालं, तरी रखवालदार तोच. सेवानिवृत्त शिक्षकाला साताऱ्याच्या इतिहासावरचा लेख हवा असेल, तर तो कुठल्याच यादीत नाही. त्याच्या वतीने 'यस सर' म्हणणारं कुणी नाही.

आणि ज्यांच्या वतीने म्हणणारं आहे, त्यांचेही हाल संपत नाहीत. एखादा अवघड परिच्छेद माणूस पुन्हापुन्हा वाचत बसला आणि बराच वेळ कुठे क्लिक केलं नाही, की प्रॉक्सी समजतो, स्वारी उठून गेली. पुढच्या दुव्यावर बोट ठेवताच पुन्हा पासवर्ड मागितला जातो. टपरीवरचा तेवीस नंबर हजर, आणि अख्ख्या वर्गात खरोखर वाचणारा एकटा गैरहजर.