हौ नाही, हो

काल रात्री शाळेच्या ग्रुपवर मी नुसतं ‘हौ’ लिहिलं. डिसेंबरात सगळ्यांनी हैदराबादला, अफझलगंजात जमायचं का, एवढ्याच प्रश्नाचं ते उत्तर. मिनिटभरात खाली एका वर्गमैत्रिणीचं उमटलं : ‘हौ नाही, हो.’ पन्नाशी उलटली, दोघींचेही गुडघे गेले, पण बाईंचं लाल पेन शाबूत!

वर्गाची राणी ती, तिला तुम्ही ओळखता. २००४च्या ‘मीन गर्ल्स’ सिनेमात ती गुलाबी कपडे घालून चेल्यांसह मिरवते. आमची अफझलगंजच्या बसस्टॉपवर निळ्या पिनाफोरात, चपचपीत तेलाच्या दोन वेण्या वर बांधून उभी असे. चेल्या दोन. एक दप्तर धरायला, एक हसायला.

तिचं हत्यार एकच : पुणं. ‘आमच्या पुण्यात असं म्हणत नाहीत.’ आमच्या घरात मराठी, गल्लीत दख्खनी, दुकानात तेलुगू. तोंडातून जे पडायचं ते तिन्हीचं कालवण. पाचव्या निजामाच्या, अफझल-उद्दौलाच्या काळात धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी वसलेला हा गंज. तिथे गहू निवडावेत तशी ती आमची मराठी निवडायची. ‘नक्को’ म्हटलं की ‘नको, एकच क.’ ‘काय की’ म्हटलं की कपाळाला हात. एकदा मी ओरडले, ‘अगं, बस निघायलीय!’ ती शांतपणे म्हणाली, ‘निघतेय.’ तोवर बस निघून गेली होती. पुतळीबावलीपर्यंत सगळ्या पायी गेलो, शुद्ध मराठीत.

माझं नाव तिने ‘हौबाई’ ठेवलं. तीन वर्षं अख्खा वर्ग मला त्याच नावाने हाक मारी. एकदा हजेरी घेताना सरांच्याही तोंडून गेलं.

नववीत वक्तृत्व स्पर्धा आली. विषय १९०८च्या मुसी नदीच्या पुराचा. मी अफझलगंजच्या स्टेट सेंट्रल लायब्ररीत, म्हणजे आमच्या आजोबांच्या भाषेत आसफिया कुतुबखान्यात, बसून भाषण लिहिलं. २८ सप्टेंबरचा तो दिवस, आणि आज उस्मानिया दवाखान्याच्या आवारात असलेलं ते चिंचेचं झाड, ज्यावर चढून दीडेकशे माणसं वाचली. पायऱ्यांवर बसून पाठ करत होते, तर बाई हजर. ‘पुराच्या वख्ताला नाही, पुराच्या वेळी.’ रोज संध्याकाळी, पंधरा दिवस. त्या दिवशी ती झाडावर असती, तर खालून ‘वाचवा हौ’ म्हणणाऱ्याला आधी ‘हो’ म्हणायला लावून मगच हात दिला असता.

स्पर्धेत झाडापर्यंत पोचले आणि डोकं कोरं झालं. समोर परीक्षक, पंख्याची घरघर, घशाला कोरड. विंगेत पुढचा नंबर तिचाच. मी पडले तर ढाल तिच्या घरी. तिथून दबका, चिडका आवाज आला, ‘पुराच्या वख्ताला! अगं, वख्ताला!’

ऐकून ऐकून तिला माझं अख्खं भाषण पाठ झालं होतं. माझ्या चुकांसकट.

माझा दुसरा नंबर आला. ढाल बगलेत मारून ती म्हणाली, ‘वख्ताला म्हणालीस ना, म्हणून पहिला गेला.’ पुढे चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आभार मानायला हवेत हे सुचायला मला तीस वर्षं लागली, आणि अजून मानलेले नाहीत. उगाच डोक्यावर बसायची.

पुण्याला ती किती वेळा गेली होती, हे दहावीनंतर तिच्या आईकडून कळलं. एकदा. स्वतःच्या बारशाला.

हे मी ग्रुपवर कधीच टाकलं नाही. काल मात्र टाकायचंच म्हणून अर्धं लिहिलं होतं, तेवढ्यात तिचा मला एकटीला निरोप आला : ‘खरंच यायलीस ना? मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर थांबते.’

मी लिहिलं, ‘यायलीस नाही, येतेस.’ मग ते खोडलं आणि लिहिलं, ‘हौ.’