टाइम-अँड-अगेन काका

प्रत्येक सोसायटीत एक असतातच. बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त, इस्त्रीचा बुशशर्ट, बगलेत फाइल. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते म्हणून बाकीचे येतात. काका बोलायचं असतं म्हणून येतात. अध्यक्षांचं स्वागत संपतंय न संपतंय तोच ते उभे. "टाइम अँड अगेन आय हॅव टोल्ड धिस कमिटी..."

मागच्या रांगेत चहा फिरू लागतो.

काकांची खासियत अशी, की 'हे मी कितीदा सांगितलंय' हे ते लागोपाठ दोनदा एकाच शब्दांत सांगत नाहीत. किरकोळ बाब असेल तर 'ॲज आय सेड अर्लिअर'वर भागतं. पाण्याला 'ओव्हर अँड ओव्हर अगेन', पार्किंगला 'डे इन अँड डे आउट'. 'फॉर द अम्प्टीन्थ टाइम' मात्र खजिनदारांसाठी राखीव. ते म्हणताना चष्मा काढून हातात घेतात. अम्प्टीन म्हणजे नेमके किती, असं एकदा कुणीतरी विचारून बसलं. मग मोर्सच्या लिपीतल्या रेघेला सिग्नलवाले 'अम्प्टी' म्हणायचे, तिथून सगळं रामायण झालं आणि लेखापरीक्षकाची नेमणूक तशीच राहिली.

"आय नो आय साउंड लाइक अ ब्रोकन रेकॉर्ड," असंही ते अधूनमधून म्हणतात, आणि काकू तेवढ्यापुरती जोरात मान डोलावतात. खरं तर ७८ फेऱ्यांची तबकडी चरा पडून अडकली, तर तोच तुकडा मिनिटाला ७८ वेळा ऐकवते. त्या मानाने काका मितभाषीच म्हणायचे.

यंदा नव्याने फ्लॅट घेतलेल्या एका पोराने हात वर केला. "काका, पार्किंगचं नक्की काय म्हणणं आहे तुमचं?"

सभा चिडीचूप. कारण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सेक्रेटरींनी इतिवृत्ताची वही उघडली. गेल्या वर्षी : 'सदर सभासदांनी पूर्वीचाच मुद्दा पुन्हा मांडला.' त्याच्या आदल्या वर्षी : 'पूर्वीचाच मुद्दा पुन्हा मांडला.' पानं उलटत उलटत वही संपली.

काकांनी फाइल बगलेत मारली आणि सभेत पहिल्यांदाच मराठीत म्हणाले, "एकदा सांगितलेलं परत सांगायची मला सवय नाही."