माणसं टाळणाऱ्यांचं गाव

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमध्ये एयट सेंट लॉरेन्स नावाचं एक खेडं आहे. तिथे आगगाडी जात नाही. मोटारीचा रस्ता शेवटी शेवटी इतका अरुंद होतो, की समोरून दुसरी गाडी आली तर मागे कुणी जायचं यावर सौजन्याची लढाई जुंपते. दोन्हीकडे इंग्रज असले तर ती बराच वेळ चालते. आमच्या बाजूने भाचा गाडी चालवत होता. तो पुण्याचा. लढाई लगेच संपली.

गाव म्हणजे एक रस्ता, विटांची काही घरं, एक जुनापुराणा पब आणि दोन चर्च. त्यातलं एक मोडकं. ते पाहून कुणालाही हिटलरची आठवण व्हावी, पण त्याचा यात हात नाही. ते पाडायला घेतलं गावच्या जमीनदाराने. सर लायोनेल लाइड हे तंबाखूचे बडे व्यापारी. हवेलीच्या खिडकीतून बाहेर बघावं तर हे चर्च मधे येई. आपल्याकडचा माणूस अशा वेळी वास्तुशास्त्रवाल्याला गाठेल आणि फार तर खिडकी बुजवेल. लाइडसाहेबांनी सरळ चर्चच पाडायला काढलं. बिशपने हरकत घेतली म्हणून काम अर्ध्यावर थांबलं, ते आजतागायत थांबलेलंच आहे. साहेबांना त्याचं फारसं दुःख झालं नसावं. आवारात पडकं काहीतरी असणं ही तेव्हाच्या श्रीमंतांची हौसच होती.

मग १७७८-७९ मध्ये त्यांनी नवं चर्च बांधून घेतलं, निकोलस रेव्हेटकडून. हा रेव्हेट अथेन्सला जाऊन तिथल्या प्राचीन इमारतींची मोजमापं घेऊन आलेला. त्यामुळे हर्टफर्डशायरच्या हिरव्यागार कुरणाकडेला आज चक्क एक ग्रीक देऊळ उभं आहे. खांबांची दर्शनी बाजू अर्थातच हवेलीकडे. चर्चच्या दोन अंगांना दोन छत्र्या. एकीत सर लायोनेल, दुसरीत त्यांची पत्नी, आणि मधे अख्खं चर्च. या चर्चने आम्हाला जन्मभर एकत्र बांधून ठेवलं, आता त्यानेच आम्हाला वेगळं ठेवून भरपाई करावी, असं साहेबांचं म्हणणं होतं म्हणतात.

आमच्या हिने दोन छत्र्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं. म्हणाली, "ही कल्पना बाईंचीच असणार. अहो, पुरुषांना मेल्यानंतरचं एवढं सुचतं कुठे?"

अशा या गावात १९०६ साली जॉर्ज बर्नार्ड शॉ राहायला आले. का आले? तर इथल्या एका थडग्यावर, सत्तर वर्षं जगून गेलेल्या बाईला आयुष्य थोडं लाभलं अशा अर्थाचा मजकूर होता. सत्तरी म्हणजे जिथे अल्पायुष्य, तेच आपलं गाव, असं शॉसाहेबांनी ठरवलं, अशी कथा आहे. हिशेब बरोबर निघाला. ते चौऱ्याण्णव वर्षं जगले, आणि १९५० मध्ये गेले तेही बागेतलं झाड छाटताना पडल्याचं निमित्त होऊन.

घर मूळचं पाद्र्याचं. पाद्र्यांच्या टोप्या उडवण्यात हयात घालवलेल्या माणसाने ते आधी भाड्याने घेतलं आणि १९२० मध्ये विकतही घेतलं. दारू वर्ज्य, मांस वर्ज्य. त्या पबला या जगप्रसिद्ध गावकऱ्याचा काय उपयोग झाला असेल देव जाणे.

खरं तीर्थक्षेत्र बागेच्या टोकाला आहे. एक लाकडी खोपटं, चक्रावर बसवलेलं. ऊन सरकेल तसं फिरवता येतं. साहेब आत बसून नाटकं लिहीत. खोपट्याचं नाव 'लंडन'. कुणी भेटायला टपकलं, की घरातले सांगत, साहेब लंडनला गेलेत. वर्गणीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'साहेब आंघोळीला गेलेत' सांगत आलेल्या आपल्या लोकांनी ही युक्ती टिपून ठेवावी. एका खोलीला 'दिल्ली' नाव देणं रोजच्या आंघोळीपेक्षा स्वस्त पडेल.

टाळण्याच्या या विद्येवर त्यांनी नाटकही लिहिलं, 'व्हिलेज वूइंग'. बोटीवर निवांत लिहीत बसलेल्या लेखकाला एक बडबडी बाई छळते. पुढे हाच गृहस्थ तिच्या खेड्यातल्या दुकानात येऊन पोचतो, दुकान विकत घेतो आणि अखेर तिच्या तावडीत सापडतो. त्या बाईवर एयटच्या पोस्टातल्या बाईंची छाया आहे म्हणतात. नाटक लिहिलं गेलं १९३३ च्या जानेवारीत, जगप्रवासाला निघालेल्या बोटीवर. त्याच महिन्यात ती बोट मुंबईलाही लागली होती. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते, त्यामुळे भेट झाली नाही. लंडनमध्ये १९३१ साली मात्र झाली होती. घरात शेकोटीवरच्या फळीवर गांधीजींचा फोटो आहे. सोबतीला लेनिन आणि स्टॅलिन. अहिंसेची याहून कडक परीक्षा कुणी घेतली नसेल.

नोबेल आणि ऑस्कर दोन्ही मिळवणारा पहिला माणूस म्हणजे शॉसाहेब. ऑस्कर 'पिग्मॅलियन'च्या पटकथेचं. याच नाटकावरून पु.लं.नी 'ती फुलराणी' बेतलं आणि १९७५ मध्ये भक्ती बर्वेंनी ते गाजवलं. हे तिथल्या स्वयंसेवक आजींना सांगून हिचं समाधान होईना. तिने मंजुळेचं ते स्वगत हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं. आजींना अक्षरही कळलं नाही, पण त्या दोन पावलं मागे सरकल्या. भक्ती बर्वेंना याहून वेगळी दाद काय हवी?

गंमत अशी, की जन्मभर पाहुणे चुकवणाऱ्या या माणसाने १९४४ मध्ये घर नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं, म्हणजे पाहुण्यांची कायमची सोय केली. शेवटच्या दिवसांत तर त्यांनी स्वतः काढलेले फोटो लावून गावाची सयमक मार्गदर्शिका लिहिली. जाणार असाल तर घर कोणत्या दिवशी उघडं असतं ते आधी पाहून निघा. आणि ती पुस्तिका कुठे हाती लागली तर फोटोंसाठी घ्या. कवी म्हणून शॉसाहेब थोर होते, असं त्यांचे भक्तही म्हणत नाहीत.